जुन्या सायकलीवर हक्क कुणाचा?

अब्बांची सायकल चौदा वर्षे पडवीत उभी होती. काळी हर्क्युलस, 28 इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची. अब्बा मणियार. बांगड्यांच्या पेट्या कॅरिअरला बांधून ते साताऱ्याहून निघत आणि कोरेगाव, रहिमतपूर, औंध असे फिरत. 2009 साली ते गेले. त्यानंतर सायकलीला कुणी हात लावला नाही. लावला तो धूळ पुसायला, तोही ईदच्या आधी. ती आमची माया होती की आळस, हे आम्हाला आजही नीट सांगता येत नाही.

2023 च्या पावसाळ्यानंतर थोरल्या भाईंचा मुलगा म्हणाला, "ही मला द्या. डोंगरात चालेल अशी करून घेतो." यवतेश्वरच्या बाजूच्या पायवाटांवर त्याला सायकल चालवायची होती. नवी घ्यायला पैसे नव्हते असे नाही. त्याला हीच हवी होती. आम्ही तिघे भाऊ एका संध्याकाळी बसलो. एका चहात मिटायला हवा होता असा वाद दोन महिने चालला.

अशा जुन्या सायकलीची डोंगरी सायकल करायची म्हणजे काय करावे लागते, ते आधी सांगायला हवे. सगळा वाद तिथेच आहे. फ्रेम जाड पोलादाची, सांधे पितळेने झाळलेले, पुढचा चिमटा चांगला पुढे झुकलेला, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर ती धक्के सोसते. हे गुण आयते मिळतात. पण तिच्या मोठ्या चाकांना जाड, खाचांचे टायर मिळत नाहीत, म्हणून 26 इंची चाके घालायची. ती घातली की सायकल सुमारे दोन सेंटिमीटर खाली बसते आणि पायडल दगडाला लागू लागते. सळईचे ब्रेक रिमला खालून धरतात. ते नव्या रिमवर चालत नाहीत. नवे ब्रेक लावायचे तर चिमट्यावर खुंट्या झाळाव्या लागतात. गिअरचे मागचे चाक रुंद असते, त्यासाठी मागचे दोन्ही पाय ताणून फाकवावे लागतात. पोलाद हे सहन करते, अॅल्युमिनियम तडकण्याची भीती असते. जाड टायर मावावा म्हणून मागच्या नळ्या थोड्या ठोकून दाबायच्या. आणि झाळताना रंग जळतो. अब्बांच्या सायकलीवर सोनेरी रेघा होत्या, झिजलेल्या, पण होत्या.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, ही वस्तू नाही, अमानत आहे. तिला आग लावायची नाही. दुसऱ्याचे म्हणणे, उभी राहून गंजते आहे, ही कसली अमानत? तिसरा कधी इकडे, कधी तिकडे. गंमत अशी की, तिघांच्या वाक्याची सुरुवात एकच होती: "अब्बा असते तर…"

पुतण्याने आपल्या बाजूने साक्षीदार आणला तो थेट अमेरिकेतून. 1933 साली श्विन कंपनीने तिथे फुगीर टायरच्या दणकट सायकली काढल्या. घरोघर वर्तमानपत्रे टाकणारी पोरे त्या वापरत. सत्तरच्या दशकात त्या अडगळीत गेल्या होत्या, भंगाराच्या भावात मिळत. उत्तर कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या उचलल्या. त्यांचे मडगार्ड, चेनकव्हर, शोभेच्या टाक्या काढून फेकल्या आणि माउंट टॅमलपायस या डोंगराच्या कच्च्या वाटांवरून त्या खाली सोडल्या. फिशरने आपल्या सायकलीला गिअर बसवले. 21 ऑक्टोबर 1976 रोजी तिथे उताराची पहिली शर्यत झाली. तिला नाव पडले 'रिपॅक', कारण उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर नवे भरावे लागे. त्या जुन्या फ्रेम मोडू लागल्या, मिळेनाशा झाल्या, तेव्हा ब्रीझने 1977 साली केवळ डोंगरासाठी नवी फ्रेम तयार केली. तिचे कोन त्याने श्विनच्याच जुन्या 'एक्सेलसिअर' फ्रेमवरून घेतले. आज जगभर माउंटन बाइक म्हणून जे काही धावते, त्याची वंशावळ पेपर टाकणाऱ्या पोरांच्या सायकलींपर्यंत जाते.

पुतण्याचा मुद्दा साधा होता. त्या लोकांनी त्या सायकली जपून ठेवल्या असत्या तर त्या फक्त जुन्या झाल्या असत्या.

आम्ही निरुत्तर झालो खरे, पण पटले असे नव्हे. पुढे 2015 मध्ये त्याच परगण्यातल्या फेअरफॅक्स गावी सायकलींचे संग्रहालय उघडले आणि त्यात त्या कापलेल्या, मोडतोड केलेल्या सायकलीही मांडल्या गेल्या. आता समजा, त्यातली एखादी कुणी उचलली, तिचे गिअर काढले, टाकी, मडगार्ड पुन्हा लावले आणि 1938 साली दुकानात होती तशी चकचकीत केली, तर तो इतिहास जपतो आहे की पुसतो आहे? जुनी वस्तू 'मूळची' नेमकी केव्हा असते? सगळ्या फळ्या बदललेले जहाज तेच की दुसरे, असा ग्रीकांचा एक प्रश्न आहे. तर्काचा व्यायाम म्हणून तो बरा आहे, घरात त्याचा फारसा उपयोग होत नाही. अब्बांनी स्वतः या सायकलीचा चिमटा दोनदा बदलला होता, सीट कितीदा ते आठवत नाही. कॅरिअरला लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या होत्या, पेट्यांचे वजन पेलावे म्हणून. मूळची अशी फ्रेमच काय ती उरली होती. आम्हाला लहानपणी दांडीवर बसवताना ते तिला टॉवेल गुंडाळत, ती दांडी.

मग आम्हाला जाणवले ते सांगण्यासारखे आहे, जरी ते आमच्या बाजूने बोलत नाही. मेलेला माणूस हा फार सोयीचा वकील असतो. तो आपल्याला हवे तेच बोलतो आणि त्याची उलटतपासणी करता येत नाही. जो सायकल जपायला सांगत होता त्याचे अब्बा हळवे होते. जो द्यायला सांगत होता त्याचे अब्बा व्यवहारी होते. खरे अब्बा दोन्ही होते आणि त्यांनी सायकलीबद्दल काहीच सांगून ठेवले नव्हते. मग त्यांच्या नावाने निर्णय घेणे म्हणजे आपल्या इच्छेवर त्यांची सही मारणे. आम्ही ठरवले, हे बंद. पुतण्याला सायकल द्यावी असे आम्हाला वाटते म्हणून देतो. चूक झाली तर ती आमची.

आणखी एक नियम केला आणि त्याचा आम्हाला बराच अभिमान वाटला. जे पान्याने निघते ते पान्याने परत बसते, त्याची चर्चा नको. जिथे आग किंवा हातोडा लागेल, तिथे तिघांची संमती हवी. एखादी गोष्ट बदलावी की नाही यापेक्षा ती मागे फिरवता येईल की नाही हे पाहावे, असे ते तत्त्व. त्यावर तीन संध्याकाळी गेल्या. ब्रेकच्या खुंट्यांसाठी पुढचा चिमटा वेगळा आणायचे ठरले, म्हणजे जुन्याला आग लागणार नाही. ब्रेक पुढेच, मागे नाही. मागचे पाय मिस्त्रीने लांब सळई घालून हलके हलके ताणले. नळ्या दाबू दिल्या नाहीत, त्यापेक्षा टायर कमी जाडीचा घेतला. दांडीला रंग लावला नाही. सोनेरी रेघा वाचल्या.

काम संपत आले तेव्हा अम्मीने विचारले, कॅरिअर कुठे आहे?

कॅरिअर पहिल्याच दिवशी निघाले होते. चार नटांचे काम. डोंगरात त्याचा उपयोग नाही, चर्चेचा प्रश्नच नव्हता. गंजके मडगार्ड आणि चेनकव्हर यांच्याबरोबर ते कोपऱ्यात पडले आणि कधीतरी भंगारवाल्याला दिले गेले. कुणी दिले, यावर तिघांचे अजून एकमत नाही.

अम्मी म्हणाली, "अब्बा क्या बोलते, अब्बा क्या बोलते, दो महिने सुनरी मैं. मेरेकू किसीने पूछा क्या?"

ती त्याच घरात, त्याच पडवीच्या आतल्या खोलीत बसलेली असे. आमच्या चहाचे पाणी तीच ठेवत होती. दांडीवर आम्ही बसत होतो, कॅरिअरवर ती. पेट्या नसतील त्या दिवशी. माहेरी, दवाखान्यात, एकदा जत्रेत. तिने हे कधी सांगितले नव्हते आणि आमच्या तत्त्वात ते बसायला जागाही नव्हती.

आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. त्याचा माल आधीच पुढे गेला होता. लोखंडी पट्ट्या मारलेले कॅरिअर त्याला आठवत होते, वजनाला चांगले होते म्हणाला.

पुतण्या आता त्या सायकलीने यवतेश्वरकडे जातो. उतरताना डावे पायडल दगडाला लागते, त्याची त्याला सवय झाली आहे. तयार झाली त्या दिवशी तो ती अंगणात घेऊन आला. अम्मीने दांडीवरून हात फिरवला, जाड टायर दाबून पाहिला, मागच्या चाकाकडे आली आणि म्हणाली, "बैठनेका कहाँ?"