भुलीबद्दल विचारलंस म्हणून

मसुरे, ता. मालवण

चि. शैला,


तू पाठवलेला मेसेज वाचला. ‘गॅसची भूल घेतली की कर्करोग पसरतो, शिरेतून घेतली की पसरत नाही.’ निव्वळ थाप असती तर पुसून टाक म्हटलं असतं. पण त्यामागची शंका खरी आहे, उत्तर तेवढं खोटं आहे. जन्मभर लोकांना भूल देत आलो, तेव्हा यावर दोन शब्द लिहिण्याचा हक्क मला आहे.

गाठ कापताना, हाताळताना काही पेशी सुटून रक्तात जाऊ शकतात. नेमकं त्याच वेळी शरीर घावाशी झुंजत असतं. अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसोल चढतं आणि अशा पेशींना टिपणाऱ्या पांढऱ्या पेशी काही दिवस मंदावतात. गॅसने त्या जास्त मंदावतात, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. आम्हा भूलवाल्यांना तेव्हा फार हुरूप आला होता. आपल्या हातात नुसती झोप नाही, आयुष्य आहे असं वाटायला लागलं. मग २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन हजारांवर स्त्रियांची चाचणी छापून आली. सगळ्यांचं तुझ्यासारखंच स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन. निम्म्या जणींना पाठीच्या नसा बधिर करून शिरेतून प्रोपोफॉल दिलं, निम्म्या जणींना नेहमीचा गॅस. रोग उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, शंभरात दहा. तेव्हा कोणती भूल ते तुझं हृदय, तुझा दमा बघून तिथला डॉक्टर ठरवील. त्याच्याशी वाद घालू नकोस.

वाद नाही, पण एक गोष्ट सर्जनला जरूर विचार. परळच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून देशातल्या ११ केंद्रांत स्तनाचा कर्करोग असलेल्या सोळाशे स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्या जणींच्या गाठीभोवती, चिरा देण्याआधी ७ ते १० मिनिटं, अर्धा टक्का लिग्नोकेन टोचलं. दात काढताना हिरडीत देतात तेच औषध, खर्च शंभर रुपयांच्या आसपास. पाच वर्षांनी लिग्नोकेन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४. रोग न उलटता राहिलेल्या ८६.६ आणि ८२.६. नसांप्रमाणे कर्करोगाच्या पेशींवरही सोडियमची दारं असतात आणि लिग्नोकेन ती बंद करतं, असा त्यामागचा तर्क आहे. पेटंटचा पैसा नसलेलं औषध घेऊन इतकी वर्षं कोण चिकाटीने बसतं, सांग बघू.

तरी आंधळेपणाने धरू नकोस. चाचणी एकच आहे, आणि तिच्यातल्या स्त्रियांना आधी केमो दिलेली नव्हती, थेट ऑपरेशन झालं होतं. तुलाही थेट ऑपरेशनच सांगितलं आहे, म्हणून मी हे लिहितो. सर्जन म्हणाले, अजून दुसरी चाचणी झाल्याशिवाय आम्ही देत नाही, तर तोही शहाणपणाचाच मार्ग आहे. रुसून दुसरं हॉस्पिटल शोधू नकोस. मात्र माझ्या बहिणीचं ऑपरेशन असतं तर मी मागितलं असतं. दातांच्या वेळी त्या इंजेक्शनचा कधी त्रास झाला असेल, किंवा हृदयाचे ठोके चुकत असतील, तर ते आधी सांग.

शेजारच्या वहिनींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन करायचं आहे ना? त्यांना सांग, छोटं छिद्र म्हणजे चांगलं ऑपरेशन असं दर वेळी नसतं. २०१८ सालच्या मोठ्या चाचणीत साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के होत्या, पोट उघडलेल्या गटात ९६.५. हे त्याच कर्करोगापुरतं. आतड्याच्या ऑपरेशनला लावू नये.

आता तुझ्या आईचं. तिचं म्हणणं, “आधी जत्रेक येव दे, ओटी भरू दे, मगे काय ता करा.” आंगणेवाडीची जत्रा तिथीवर नसते, देवीच्या कौलावर ठरते, म्हणजे किती थांबावं लागेल ते आधी कळत नाही, हे तिला मी सांगायला नको. चार-आठ दिवसांनी काही बिघडत नाही, पण मुंबईहून यायचं, गर्दीत उभं राहायचं, खोकला घेऊन परतायचं आणि मग छातीत कफ म्हणून भूलवाल्याने ऑपरेशन पुढे ढकलायचं, हे मी किती जणांचं पाहिलंय. मिळालेली तारीख सोडू नकोस. तुझ्या नावाची ओटी मी भरतो, आईला मी बघतो.

मिश्री लावतेस हे तपासणीच्या वेळी सांग, आणि आजपासून बंद कर. आयुर्वेदिक काढे, ॲस्पिरिन, सगळं नावानिशी लिहून ने. टेबलावर थंडी वाजली तर ब्लँकेट माग. नंतर दुखलं तर सोसत बसू नकोस, नर्सला सांग. बायोप्सीचा कागद आणि सोनोग्राफी मला फोनवर पाठव, अक्षर दिसेल असा फोटो काढून.

तुझा,
आबामामा