कमळ आणि कुमुद



तळ्यात कमळ आणि कुमुद शेजारी शेजारी फुललेली आपण पाहिली असतील. दोघांची मुळे एकाच चिखलात, दोघांच्या पाकळ्या थरावर थर. पाहणारा सहज म्हणतो, ही सख्खी भावंडे! स्वीडनचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनीही १७५३ साली दोघांना एकाच नावाखाली बसविले होते.

परंतु जवळ जाऊन पाहावे. कुमुदाचे पान पाण्यावर पसरते आणि देठापाशी त्याला खाच असते. कमळाचे मोठे पान पाण्याच्या वर उठते. ते वाटोळे, अखंड असते आणि त्यावरून पाणी मोत्यासारखे घरंगळते. कमळाचे फळ उंच देठावर वाळते, कुमुदाचे पाण्याखाली पिकते. आपण ज्याला कमळाचे बी समजून खातो, तो मखाना तर कुमुदाच्या कुळातला! पुढे वनस्पतींची आनुवंशिक द्रव्ये तपासली गेली, तेव्हा १९९३ च्या सुमारास कमळाचे खरे आप्त सापडले. ते तळ्यात नव्हतेच. काश्मीरचा चिनार आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात तो सिल्व्हर ओक, हे कमळाचे सोयरे!

मग कमळ व कुमुद यांच्यात हे साम्य आले कोठून? कुळातून नव्हे, एकाच पाण्यातल्या राहणीतून.

बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभवमंटपात असेच तळे भरले होते. मडिवाळ माचय्या कपडे धूत, अंबिगर चौडय्या नाव चालवीत. कायक ज्याचे त्याचे वेगळे राहिले, जसे पान ज्याचे त्याचे वेगळे. पण शिवभक्तीच्या पाण्याने सर्वांना शरण केले. चांभारकाम करणाऱ्या हरळय्यांचा पुत्र आणि ब्राह्मण कुळातून आलेल्या मधुवरसांची कन्या यांचा विवाह झाला. त्यापायी दोन्ही पित्यांना प्राण द्यावे लागले, असे आपली परंपरा सांगते.

आणि आज आपण काय करतो? स्थळ आले की पहिला प्रश्न पोटजातीचा. त्या घरी इष्टलिंगपूजा नित्य होते काय, कष्टाचे अन्न शिजते काय, दारी आलेला उपाशी जातो काय, हे विचारायचे राहूनच जाते. ज्या प्रश्नासाठी दोघांनी प्राण दिले, तोच आपण पुन्हा उंबरठ्यावर उभा करतो.

भक्तहो, पुढच्या वेळी घरात सोयरिकीची बोलणी निघतील, तेव्हा हे तीन प्रश्न आधी विचारा. त्यांची उत्तरे समाधानाची असतील, तर चौथा विचारू नका.

शरणु शरणार्थी.