डॉक्टर शोधायचा कोणी?

कोल्हापुरात कुणाच्या छातीत कळ आली, तर डॉक्टर शोधायचे काम कुणी त्याच्यावर टाकत नाही. गल्लीतली पोरे गाडी काढतात, कुणी सीपीआर रुग्णालयातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो, कुणी केसपेपर काढतो, रात्री शेजारच्या घरातून डबा जातो. तोच माणूस ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणाला, की आपण सांगतो, ‘असलं काही मनात आणू नकोस.’ फार तर, ‘एकदा डॉक्टरला दाखव.’ ज्याच्यात सकाळी अंथरुणातून उठायचे बळ उरलेले नाही, त्यानेच नाव शोधायचे, वेळ घ्यायची, फी विचारायची आणि एकट्याने दवाखान्याचा जिना चढायचा. हा अन्याय आहे.

कोल्हापुरातली शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारपेठ. गुळाच्या व्यवहारावर ती वाढली, आणि तो व्यवहार चालायचा शब्दावर. जिथे पत हेच भांडवल, तिथे मन खचल्याचे कबूल करणे म्हणजे पत घालवणे, असे माणसाला वाटत राहते. दुकानाचे शटर वेळेवर वर जाते, हिशेब चोख असतो, त्यामुळे घरच्यांनाही शंका येत नाही. आणि आली तरी ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आधी उभा राहतो.

तरीही शंका आली तर सरळ विचारावे : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट, कोंडलेल्या माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडायचे नाही, घरातल्या घातक वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायच्या आणि शोधाशोध आपण करायची. धोका आत्ताचा असेल तर थेट रुग्णालय किंवा १०८ ची रुग्णवाहिका. तितकी निकड नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येते. टाऊन हॉलसमोरच्या सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ. बोलण्यातून उपचार करतो तो मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक. जगणे नकोसे झालेल्या माणसाला अनेकदा दोघांचीही गरज लागते. त्यांचे शिक्षण आणि नोंदणी विचारण्यात संकोच कसला?

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलिसांच्या धास्तीने काही घरे रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ इथे वाचायला हवे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे आणि तिला शिक्षा करायची नाही, असे ते सांगते; शिवाय तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवते. रुग्णालयात नोंद होईल, होऊ दे. जीव त्याहून मोठा आहे.

पहिल्या भेटीनंतर मात्र आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि तिथेच गफलत होते. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे जातात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद होतात. समुपदेशकाशी सूर जुळला नाही, तर माणूस उपचारच सोडून देतो. खरे तर समुपदेशक बदलता येतो. पण त्यासाठी कुणीतरी विचारपूस करत राहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर नीट बोलणे झाले आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोनवर किंवा भेटून विचारपूस झाली. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक पुढे आत्महत्येने गेले. विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के.

नऊ वेळा विचारपूस करायला पदवी लागत नाही. पुढची तारीख आपल्याही मोबाइलमध्ये लिहून ठेवायची, आदल्या दिवशी फोन करायचा, गडहिंग्लज-राधानगरीहून कुणी येत असेल तर एसटी स्टँडवर घ्यायला जायचे, दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसायचे. आत काय बोलणे झाले ते विचारायचे नाही. ती तारीख चुकली तर न रागावता दुसरी घ्यायची आणि तेव्हाही सोबत जायचे.