छातीची साक्ष

वैद्यानें रोग्याच्या छातीवर नळी टेकवून त्यास "एक, दोन, तीन" म्हणावयास सांगावें आणि रोग्यानें तें निमूटपणें म्हणावें, हा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. (फ्रेंच वैद्य या कामीं "तेहतीस" हा आंकडा म्हणावयास लावतात.) बोलणाराचें लक्ष शब्दांकडे असतें, ऐकणारास शब्दार्थाशीं कांहींच कर्तव्य नसतें. निरोगी फुप्फुस स्पंजाप्रमाणें हवेनें भरलेलें असल्यामुळें त्यांतून स्वर पुसटच बाहेर येतो. फुप्फुसदाहानें तोच भाग घट्ट झाला कीं शब्द स्पष्ट उमटूं लागतात, कुजबुजदेखील कानाशीं केल्यासारखी ऐकूं येते. छातींत पाणी सांचलें असल्यास त्याच्या वरच्या कडेशीं स्वर शेळीच्या ओरडण्यासारखा कांपरा होतो. एरव्हीं ज्या स्पष्ट उच्चारास आम्ही गुण समजतों, तोच येथें व्याधीचा पुरावा ठरावा, हें मोठें चमत्कारिक होय!

ही भाषा उकलली ती रेने लाएनेक या फ्रेंच वैद्यानें. १८१६ सालीं एका तरुण, स्थूल स्त्रीच्या छातीस कान लावणें त्यास अप्रशस्त वाटलें, म्हणून त्यानें कागद गुंडाळून नळी केली. पुढें लांकडाची केली. १८१९ सालीं ग्रंथ लिहिला. परंतु त्यानें ऐकलेल्या छात्यांपैकीं कित्येक क्षयाच्या, आणि क्षयावर तेव्हां औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ सालीं. म्हणजे सव्वाशें वर्षें वैद्य मंडळी जें टाळतां येत नाहीं तें ऐकत राहिली.

अशा ज्ञानाचें काय करावें? उपाय नाहीं तेथें सांगण्यांत दया नाहीं, असें पुष्कळांचें मत. आमच्याकडे तर रोगी माजघरांत आणि निकाल ओटीवर, थोरल्या मुलाच्या कानांत! आम्हांस हें पटत नाहीं. रोग्यानें आपला स्वर वैद्यास दान केलेला नसतो, उसना दिलेला असतो. त्याच्याच तोंडचे बोल त्याच्याविरुद्ध साक्ष देऊं लागले, तर ती साक्ष काय, हें विचारण्याचा पहिला हक्क त्याचाच. मात्र जो विचारीत नाहीं, त्याच्या कानांत ती बळें कोंबण्याचा अधिकार वैद्यास नाहीं. भयानें न विचारणारा आणि खरोखरच ऐकूं न इच्छिणारा यांतला भेद कोणत्याही नळीनें ऐकूं येत नाहीं, ही अडचण आम्ही नाकारीत नाहीं.

१८२६ सालीं लाएनेकची स्वतःची छाती मेरियादेक या त्याच्या आप्तानें ऐकली. येथें कांहीं लपविणें शक्यच नव्हतें; त्या चिन्हांचीं नांवें रोग्यानेंच ठेवलेलीं होतीं. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत, वयाच्या ४५ व्या वर्षीं, लाएनेक क्षयानें वारला.