दंतकथा आणि श्रवणाची नीती

१९००च्या सुमारास मनमाडहून हैदराबाद संस्थानात लोहमार्ग जाण्यापूर्वी, वेरूळ पाहू इच्छिणारा पाश्चात्त्य प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरे. स्थानिकांकडून ऐकलेली कथा 'दंतकथा' म्हणून बाजूस सारणे, ही प्रवासवर्णनांची रूढ रीत होती. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त एल राजाची राणी मंदिराचे शिखर दिसेपर्यंत अन्न वर्ज्य करते. म्हणून पैठणचा कोकस माथ्यापासून खोदकाम आरंभतो. पुरातत्त्व कैलासाचे श्रेय आठव्या शतकातील राष्ट्रकूट कृष्णास देते. परंतु लेणे वरून खाली कोरले गेले, हे त्यालाही मान्य आहे. कर्त्याविषयी चुकलेली कथा कृतीविषयी अचूक आहे. तेव्हा परसंस्कृतीची कथा खरी की खोटी, हा प्रश्न अपुरा ठरतो. ती कशाविषयी खरी आहे, हे शोधणे श्रोत्याचे नैतिक दायित्व होय.