नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

जबलपूरला नर्मदेच्या ग्वारीघाटावर लहान मुलांचे जावळ काढायला कुटुंबे येतात. आई-वडील, आजी-आजोबा, आत्या, मामा, सगळे पायऱ्यांवर बसलेले असतात. बाळ रडत असते आणि जो तो त्याला त्याच्या नावाने चुचकारत असतो. नर्मदाकाठच्या गावांत मुलाचे नाव नर्मदाप्रसाद ठेवण्याची चाल फार जुनी आहे. तुमच्या घरी नुकताच मुलगा झाला असेल आणि नाव अजून ठरत नसेल, तर या जुन्या वळणाच्या नावाकडे जरा थांबून पाहा. मुलगा शूर व्हावा, विद्वान व्हावा, जग जिंकावे, असे काहीही त्यात मागितलेले नाही. तो कुठून आला एवढेच सांगितले आहे. प्रसाद आपण तयार करत नाही. तो हातावर मिळतो, आणि मिळाला की चार जणांत वाटायचा असतो.

आपल्याकडेही असे घडले आहे. मालोजीराजे भोसल्यांनी आपल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ती अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून. ज्याच्या आशीर्वादाने मुले झाली असे त्यांना वाटले, त्याचे नाव त्यांनी मुलांना दिले. कृतज्ञतेने ठेवलेले नाव धर्माची वेससुद्धा सहज ओलांडते.

आज नाव शोधण्याची रीत वेगळी आहे. प्रसूती होण्याआधीच घरच्यांच्या ग्रुपवर याद्या फिरू लागतात. दोन अक्षरीच हवे, कोणाचे नसेल असे हवे, परदेशात उच्चारता येईल असे हवे. संकेतस्थळावर त्याचा अर्थ 'सूर्याचे पहिले किरण' असा दिलेला असतो आणि शब्दकोशात तो शब्दच नसतो. यात फार मोठा दोष आहे असे नाही. हौस असतेच, आणि असावी. पण या धांदलीत एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही: हे नाव नक्की कोणाला बांधणार आहे?

आपण गृहीत धरतो की ते मुलाला बांधेल. म्हणजे 'धैर्य' ठेवले की मुलगा धीराचा होईल, 'ज्ञानेश' ठेवले की ज्ञानी होईल. पण विचार करून पाहा. माणूस स्वतःचे नाव स्वतः फारसे उच्चारत नाही. ते जन्मभर इतरांच्या तोंडात असते. मुलाला त्याबद्दल कोणी विचारलेले नसते, त्याने कसले वचनही दिलेले नसते. नाव ठेवणारे आपण, हाक मारणारेही आपण. मग त्या शब्दाचे बंधन पहिल्यांदा कोणावर यायला हवे?

जुन्या संस्कारांत याचा विचार आहे असे मला वाटते. गृह्यसूत्रे मुलाच्या नावाबद्दल बारकाईने बोलतात. नाव सम अक्षरांचे असावे, आरंभीचा वर्ण घोष असावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी काही यावे. आश्वलायन म्हणतात, प्रतिष्ठा हवी असेल तर दोन अक्षरे आणि ब्रह्मतेज हवे असेल तर चार. याशिवाय आणखी एक नाव असे, ते मुंज होईपर्यंत फक्त आई-वडिलांनाच ठाऊक असायचे. जगाला सांगायचे नाही, मिरवायचे नाही, पण जपायचे. हे काम मुलाचे नव्हते, आई-वडिलांचे होते.

आपल्या बारशाची पद्धतही पाहा. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात. कुलदेवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि मग व्यवहाराचे, अशी चार नावे. पाळण्याच्या वरून-खालून बाळ फिरवताना बायका देवाची नावे घेतात, आत्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते. थोड्याच वेळात ते तांदूळ गोळा होतात आणि अक्षरे मोडतात. लिहिलेले नाव जाते आणि उच्चारायचे नाव मागे राहते.

नक्षत्राच्या अक्षरावरून घरात भांडणे होतात, म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगते. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे १०८ अक्षरे. त्यांत आर्द्रेला ङ येतो, हस्ताला ण येतो आणि उत्तराभाद्रपदेला ञ येतो. या अक्षरांनी सुरू होणारे नाव आजवर कोणी ठेवलेले ऐकले आहे का? तिथे प्रत्येक घर शेजारच्या अक्षराने निभावून नेते, आणि त्या मुलांचे काही अडत नाही. पत्रिकेतले अक्षर जमले नाही म्हणून आजीला दुखवू नका, आणि आजीच्या हट्टापायी सुनेलाही रडवू नका.

आता जबलपूरकडे परत येऊ. या शहराचे नाव जाबालि ऋषींवरून आले असे परंपरा सांगते. काही जण ते अरबी 'जबल' म्हणजे डोंगर या शब्दाशी जोडतात. पण जाबालि हा शब्द उच्चारला की मला छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल आठवतो, कारण नाव म्हणजे काय हे त्या गोष्टीइतके नेमके दुसरीकडे सांगितलेले मी वाचलेले नाही.

सत्यकामाला गुरुगृही जायचे होते. तिथे गोत्र विचारतील, म्हणून त्याने आईला विचारले, माझे गोत्र कोणते? त्या काळी गोत्र सांगता न येणे म्हणजे दार बंद होणे. आई एखादे गोत्र रचून सांगू शकली असती. कोण तपासायला जाणार होते? पण जबाला म्हणाली, तरुणपणी मी अनेक ठिकाणी सेवा करत हिंडले, तेव्हा तू झालास. तुझे गोत्र मला माहीत नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम. तेव्हा सत्यकाम जाबाल असेच सांग.

मुलाने हारिद्रुमत गौतमांपुढे हे शब्द जसेच्या तसे सांगितले. इतके सरळ बोलणाऱ्याला मी परत पाठवणार नाही, अशा भावनेने गौतमांनी त्याला समिधा आणायला सांगितले आणि त्याचे उपनयन केले.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी मुलाच्या सत्यनिष्ठेचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. पण क्रम पाहा. सत्यकाम म्हणजे सत्याची इच्छा धरणारा. हे नाव ज्या घरात रोज उच्चारले जात होते, त्या घरावर कसोटीचा दिवस आला, आणि ती कसोटी आधी आईची होती. मुलाच्या भवितव्यासाठी एक खोटे बोलण्याची मुभा कोणत्याही आईने स्वतःला दिली असती, तर आपण तिला समजून घेतले असते. जबालेने ती मुभा घेतली नाही. ज्याला सत्यकाम म्हणून हाक मारली, त्याच्याशी खोटे बोलता येत नाही. ते नाव पहिल्यांदा तिने पाळले. मुलाने ते दुसऱ्या दिवशी पाळले.

आजही इस्पितळात बाळाच्या मनगटावर जी पट्टी बांधतात तिच्यावर आईचेच नाव असते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांपुरते, मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. काही घरांत यावर नाके मुरडली गेली. सत्यकाम जाबालाच्या उपनिषदाला नमस्कार करणाऱ्यांनी तरी मुरडू नयेत.

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचा फरक आहे. पहिल्याने माणूस जगात येतो, दुसऱ्याने त्याला खाली ढकलतात. कधी कधी ही दोन्ही कामे एकाच शब्दाने होतात. आधीची मुले दगावली असतील तर नव्या बाळाचे नाव दगडू, केरू किंवा भिकू ठेवत, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडणार नाही. ओंगळ दिसणाऱ्या या नावात किती धास्तावलेले प्रेम होते! पण तसलेच नाव मुलीला मिळाले की त्यामागे हे प्रेम नसे. सातारा जिल्ह्यात 'नकुसा' नावाच्या मुली होत्या. नको असलेली म्हणून नकुसा. २०११ साली तिथे २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे मिळाली. शाळेच्या हजेरीत, पाणवठ्यावर, लग्नाच्या बोलणीत जो तो त्यांना 'तू नको होतीस' असेच म्हणत आला होता. मनाने कितीही चांगला माणूस त्यांना हाक मारताना तेच म्हणणार.

ही रीत फक्त अडाणीपणातून आली असे म्हणून मोकळे होता येत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक असावे असे सांगून शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असे म्हटले आहे. संस्कार या शब्दावर प्रेम करणाऱ्या आपण सर्वांनी हे डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे. पाळण्यातल्या मुलाला आयुष्यभराची पायरी दाखवून देण्यासाठी नामकरणाचाच उपयोग केला गेला. शास्त्रात आहे म्हणून ते पवित्र होत नाही. जे नाव घेताना हाक मारणारा उंच आणि ऐकणारा खाली जातो, ते नामकरण नव्हे.

याच्या अगदी उलट चित्र आळंदीला दिसते. विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले होते. गावाने वाळीत टाकले. गावाच्या तोंडी त्या मुलांना एकच नाव, 'संन्याशाची पोरे'. घरात मात्र निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. संसारात परतल्याबद्दल ज्याला दूषण मिळत होते, त्याच्या थोरल्या मुलाचे नाव निवृत्ती. रोज ती हाक मारताना विठ्ठलपंतांना काय वाटत असेल, याचा विचार करा. बाहेर जे ऐकू येई त्याला त्या घराकडे उत्तर नव्हते. होत्या त्या चार हाका, आणि त्या त्यांनी बदलल्या नाहीत.

मुलाचे नाव देवाचे ठेवा म्हणजे अनायासे नामस्मरण होते, असे वडीलधारे सांगतात आणि भागवतातल्या अजामिळाचा दाखला देतात. धाकट्या मुलाचे नाव नारायण, अंतकाळी त्यालाच हाक मारली आणि तरला. लक्षात घ्या, इथेही नावाचे फळ मुलाला मिळाले नाही, हाक मारणाऱ्याला मिळाले. मात्र त्या गोष्टीतला अजामिळ मुलावर जीव टाकत होता, ही बाजू आपण विसरतो. त्याच्या हाकेत दुसरे काही नव्हते. घरातल्या 'कृष्णा'वर दिवसभर खेकसणाऱ्याला आपण नामस्मरण करतो आहोत असे वाटत असेल तर त्याने थोडे थांबावे.

तेव्हा यादी चार-पाच नावांवर आली की एक करा. ते नाव मोठ्याने उच्चारून पाहा, पण लाडात नव्हे. दूध सांडल्यावर, पहाटे तीनला, परीक्षेत कमी गुण आल्यावर तुम्ही जसे उच्चाराल तसे. जे नाव त्या स्वरात घेताना तुमचीच जीभ अडखळेल, ते यादीत वर घ्या. आजीला नीट म्हणता येते का तेही पाहा, कारण पहिली काही वर्षे तीच सर्वांत जास्त हाका मारणार आहे. आणि घाई करू नका. जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव नंतर घालता येते, पहिल्या वर्षात विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.