अरण्यातील समेट : क्षमा आणि न्याय

दुरावलेले कुटुंब दूरच्या अरण्यात पुन्हा एकत्र येते, हे आशयसूत्र रंजनप्रधान प्रेमकादंबरीच्या विशेष आवडीचे आहे. त्याची मांडणीही बहुधा ठरलेली असते. शहरात पती-पत्नींचे संबंध तुटतात. मूल एकाच्या वाट्याला येते. काही वर्षांनी पाऊस, पूर किंवा आजारपण यांच्या निमित्ताने सारे एखाद्या वनविश्रामगृहात अडकून पडतात. आणि जे वकिलांना व वडीलधाऱ्यांना साधले नाही ते रानातल्या चार रात्री साधून देतात. अशा कादंबरीची दखल घेण्याचे आपली समीक्षा सहसा टाळते. परंतु या सूत्रात एक नैतिक गृहीतक दडलेले आहे : अन्याय जिथे घडला त्या जागेपासून दूर गेले की तो विरून जातो. हे गृहीतक कितपत टिकते, एवढाच प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

नॉर्थ्रॉप फ्राय याने ‘ॲनॅटमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) या ग्रंथात शेक्सपिअरच्या सुखात्मिकांसंदर्भात ‘हरित विश्वा’ची कल्पना मांडली. पात्रे नित्याच्या जगातून अरण्यात जातात, तेथे त्यांचे रूपांतर होते आणि ती पुन्हा नित्याच्या जगात परततात. या तिसऱ्या टप्प्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रेमकादंबरी तर बहुधा दुसऱ्या टप्प्यावरच संपते. ज्या नगरात भांडण झाले त्या नगराला कोणी जाब विचारत नाही.

हे सूत्र पूर्णत्वाला नेणारी आपल्या परंपरेतील संहिता म्हणजे भवभूतीचे ‘उत्तररामचरित’. भवभूती आठव्या शतकातला. आपले घराणे पद्मपूरचे असल्याचे तो आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत सांगतो. हे पद्मपूर म्हणजे भंडारा जिल्ह्यातील आमगावजवळचे पद्मपूर होय, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. १९९९ साली जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून हे गाव गोंदिया जिल्ह्यात आहे. म्हणून या नाटकात भंडाऱ्याचे रान शोधत बसण्याचे कारण नाही. त्यातले जनस्थान गोदावरीच्या परिसरातले आहे. मात्र मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्यांच्या या प्रदेशात रान कधीच निर्जन नव्हते, आणि भवभूतीचे अरण्यही निर्जन नाही. प्रेमकादंबरीतले अरण्य मुके असते. येथे वनदेवता वासंती रामाला सरळ प्रश्न विचारते, आणि त्यांची उत्तरे देणे त्याला जड जाते.

तिसऱ्या अंकाची रचना या दृष्टीने निर्णायक आहे. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. भागीरथीच्या प्रभावामुळे सीता अदृश्य आहे. ती त्याला पाहते, त्याचा विलाप ऐकते, तो मूर्च्छित झाल्यावर स्पर्शाने त्याला सावध करते. यज्ञात आपली सुवर्णप्रतिमाच सहधर्मचारिणीच्या जागी आहे हे कळल्यावर परित्यागाचे शल्य निघाल्याची जाणीव तिला होते. म्हणजे व्यक्तिगत क्षमा येथेच पूर्ण झालेली आहे. मग नाटक येथेच का संपत नाही? आणखी चार अंक कशासाठी?

माझ्या मते नाटकाचा नैतिक आशय या चार अंकांतच आहे. सीतेचा त्याग हे पती-पत्नींमधले भांडण नव्हते. लोकापवादासाठी राजाने दिलेला तो निर्णय होता. सार्वजनिक अन्यायाचे परिमार्जन एकांतातल्या अश्रूंनी होत नाही. म्हणूनच सून नसलेल्या अयोध्येत पाऊल टाकण्यास अरुंधती नकार देते. जनकाचा संताप वर्षे लोटली तरी निवत नाही. सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले नाटक गंगाकाठी सादर होते ते पौरजनांच्या समोर. अरुंधती त्यांनाच विचारते, आणि ते सीतेपुढे नमतात. वाल्मीकिरामायणातील सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने तो शेवट बदलला खरा, पण त्याची किंमतही वसूल केली : समेट अरण्यात होतो, पण त्यासाठी नगराला अरण्यात यावे लागते.

येथे थांबलो तर विवेचन सोयीचे होईल. परंतु राम दंडकारण्यात आला कशासाठी, हा प्रश्न उरतोच. तो आला शंबूकाच्या वधासाठी. तप करणाऱ्या शूद्रावर खड्ग उचलताना तो आपल्याच उजव्या हाताला उद्देशून म्हणतो, की गर्भवती सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू अवयव; तुला करुणा कुठली? दोन अन्याय एकाच हाताचे आहेत, हे कवीला स्पष्ट दिसले होते. कथानकाच्या पातळीवर तर हा वध झाला नसता तर राम पंचवटीत पोहोचला नसता आणि छायासीतेची भेटही झाली नसती. कुटुंबाच्या मीलनाची वाट शंबूकाच्या देहावरून जाते.

सीतेसाठी पौरजन गोळा झाले. शंबूकासाठी कोणी झाले नाही. त्याला दिव्य रूप मिळते, तो कृतज्ञ होतो, रामाला अरण्य दाखवतो आणि निघून जातो. जी सांत्वना भवभूतीने सीतेच्या बाबतीत अपुरी ठरवली तीच शंबूकाच्या बाबतीत त्याने पुरेशी मानली. यावर ‘तो काळच तसा होता’ असे उत्तर देता येईल; पण ज्याने त्या हाताला प्रश्न विचारला त्याचा बचाव काळाच्या नावाने करणे म्हणजे त्याला कमी लेखणे होय.

तेव्हा अरण्यातील समेटाच्या कोणत्याही कथेला, मग ती अभिजात असो वा वाचनालयातून आठवड्यासाठी नेलेली, दोन प्रश्न विचारले पाहिजेत. ज्यांच्यामुळे घर मोडले ते या समेटाला साक्षी आहेत काय? आणि हे मीलन घडावे म्हणून त्याच रानात कोणाचा बळी गेला? पहिल्या प्रश्नाला भवभूतीने उत्तर दिले. दुसरा प्रश्न त्याने उच्चारला आणि अनुत्तरित सोडला. आजची प्रेमकादंबरी हे दोन्ही प्रश्न विचारत नाही. तिच्या सुखान्ताविषयी माझी तक्रार नाही. तो सुखान्त तिला फार स्वस्तात मिळतो, ही माझी तक्रार आहे.